हत्ती पाण्यात जात नाही

८ नोव्हेंबर २००५, मंगळवार

बोटीवर होतो तेव्हा रोज वारा, पाणी, जाळं कुठे टाकलं, काय मिळालं ते लिहून ठेवायचो. बोट चालवणाऱ्या तांडेलाला ती सवय लागतेच. आता दीड महिना झाला, ट्रॉलरवर जाळं ओढायच्या विंचचा दोर तुटून पायावर आला, नडगी मोडली, मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरात पडलोय. वारा-पाणी नाही तर नाही, जे घडतं ते लिहितो. ओरडून घसा बसवण्यापेक्षा हे बरं.

तर आज मी, गणपत, ट्रॉलरचा तांडेल, तारकर्लीच्या शाळेच्या पडवीत बायकांच्या ओळीत पाय लांब करून बसलो. कशाला? पोराला भरवायचं कसं आणि पुस्तक वाचून दाखवायचं कसं ते शिकायला. हसा आता.

निकेत साडेतीन वर्षांचा. गणपतीपर्यंत ताटातलं सगळं खायचा. चतुर्थीच्या मोदकांसाठी भांडला होता मेलो. त्यानंतर काय झालं देव जाणे, अन्न बघितलं की तोंड फिरवतो. चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं चालतं. अंगणवाडीत वजन केलं तर कमी भरलं. माझी बायको शेवंती पहाटे बंदरावर लिलावाला जाते, तिथून माशांची पाटी घेऊन कुडाळच्या बाजारात, येते ती दिवेलागणीला. म्हणजे पोराजवळ मी एकटा. पोरांच्या खाण्याचे वर्ग घेणाऱ्या संस्थेची बाई घरी येऊन सांगून गेली, जो भरवतो त्यानेच वर्गाला यायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. मी म्हटलं, गेलो खड्ड्यात, येणार नाही. पण शेवंतीच्या आईने आचऱ्याहून निरोप धाडलाय, नव्या वर्षापर्यंत पोर सुधारलं नाही तर एक तारखेला मामा येऊन घेऊन जाईल, शाळेत घालायच्या वयापर्यंत आजीकडेच राहील. शेवंतीने तो निरोप मला दोनदा सांगितला. म्हणून गेलो.

बाईंचं नाव दिव्या, पिंगुळीची. लग्न नाही, पोर नाही, आणि मला शिकवणार. नाचणीची गुळातली पेज केली, सगळ्या पोरांनी वाट्या चाटल्या. निकेतने वाटी माझ्या प्लास्टरवर ओतली.

१२ नोव्हेंबर, शनिवार

बाईंचे नियम: बापाने आणि पोराने एकाच ताटात जेवायचं. जबरदस्ती करायची नाही. जेवणाआधी पुस्तक घेऊन बसायचं, पान पोराने उलटायचं, आपण नाही.

माझा बापूस जेवून हात धुऊन उठेपर्यंत आम्ही भावंडं पानावर बसलो नाही. आणि मी साडेतीन वर्षांच्या पोराच्या ताटात हात घालू? तरी घातला. आज ते पण केलं.

पुस्तक हत्तीचं दिलंय. हत्ती उठतो, हत्ती जंगलातून चालतो, हत्ती केळी खातो, मग नदीवर जातो. बाळबोध. मी दोन मिनिटांत वाचून संपवलं असतं. पण पान त्याने उलटायचं ना! नदीचं पान आलं की हा पुस्तक मिटतो. माझं बोट आत असतानाच मिटतो. पाच वेळा पहिल्यापासून सुरुवात केली, पाचही वेळा हत्ती नदीच्या काठावर. सहाव्या वेळी मी पुस्तक बाजूला ठेवलं, नाहीतर फेकलं असतं.

भरवताना मात्र मी ओरडत नाही. लाडाने सांगतो. बाईंना काय माहीत मी किती लाडाने सांगतो ते. "एक घास खा रे सोन्या. तू खाल्लंस तर बाबाक ताकद येतली, बाबाचो पाय बरो होतलो, मगे बाबा बोटीर जातलो आणि तुका ही एवढी मोठी सुरमई हाडतलो." दोन हात पसरून दाखवतो सुरमई केवढी ते. कुठल्या पोराच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? ह्याने ओठ असे घट्ट मिटले की घास हनुवटीवरून खाली.

वर माझी कुबडी दडवून ठेवली. अर्धा तास मी भिंत धरून शोधतोय. शेवटी तांदळाच्या पिंपामागे मिळाली. खोड्या करायला बरी ताकद आहे.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाईंशी वाजलं.

आज शिकवायला तारले आणले होते. बारीक, ताजे. म्हणे लहान माशात हाडं मजबूत करायला लागतं ते सगळं असतं, स्वस्त असतात, मऊ शिजवले की काटासुद्धा चावून खाता येतो, पोरांना सुरमई-सरंग्यापेक्षा हेच द्या. मी म्हटलं, बाई, तारले आम्ही माडाच्या मुळात घालतो. खत म्हणून. मी तांडेल आहे, माझा मुलगा माडाचं खत खाणार नाही.

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "भावोजी, मगे तुमच्या घरात रोज सुरमई शिजता काय?" तिला ठाऊक आहे काय शिजतं ते. शेवंती चांगला मासा विकायला नेते, तो विकलाच पाहिजे, आणि उरलेला असतो तो पोराला द्यायच्या लायकीचा नसतो. मी बोटीवरून यायचो तेव्हा वेगळी गोष्ट होती. एक चांगला मासा घरासाठी बाजूला काढायचोच, आणि निकेत वाळूत धावत यायचा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "गणपतभाऊ, पोराला माशाची किंमत कळत नाही. चव कळते." मी उठून आलो. म्हणजे उठायला मला दोघींनी हात दिला, मग आलो.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्ग चालू असताना किनाऱ्यावरून हाक आली, रापण ओढायला घेतली म्हणून. झालं. पडवीतल्या सगळ्या बायका पोरांना काखोटीला मारून पळाल्या. बाई हातात चमचा घेऊन उभ्या राहिल्या. रापणीचा रिवाजच तो आहे, जाळ्याचे दोर दोन्ही बाजूंनी ओढायला गाव लागतो आणि दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, म्हातारा असो, पोर असो, पाहुणा असो. बाईंना वाईट वाटलं असेल. मला हसू आलं. मग बघतो तर निकेतपण नाही.

मी रापणीकडे जात नाही. सहा वर्षांपूर्वी मी रापण सोडून ट्रॉलरवर गेलो. रापणीत पोट भरत नव्हतं म्हणून गेलो, हौस म्हणून नाही. रापणीचे मुख्य बाबलीकाका. त्यांनी भर किनाऱ्यावर मला सांगितलं होतं की ट्रॉलरवाले आमच्या पोरांच्या तोंडचा मासा ओरबाडतात आणि तू त्यांच्यात जातोस. मीपण दोन शब्द जास्त बोललो. तेव्हापासून समोर आले की मी रस्ता बदलतो.

तासाभराने शेजारच्या मुलीने निकेतला आणून सोडलं. सदऱ्याच्या ओच्यात तीन तारले. तोंडभर हसत होता. "माझो वाटो," म्हणाला. दोराला हात लावला होता म्हणे, बाबलीकाकांनी स्वतः मोजून दिले.

माझं डोकं फिरलं. माझा मुलगा त्या माणसापुढे ओचा पसरून उभा राहिला! मी तिन्ही तारले घेतले आणि परसातल्या माडाच्या बुंध्याशी पुरले. निकेत रडून रडून काळानिळा झाला, मातीत बोटं घालून उकरत होता. संध्याकाळी शेवंतीने त्याच्या नखातली माती काढली. तिला कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "शिजवन घातले असते तर खाल्ल्यान असते." मला वाटतं माझं बरोबर होतं. असं लिहितोय खरं.

६ डिसेंबर, मंगळवार

परत वर्गाला गेलो. काय करणार.

बाई प्रत्येक पोराला जवळ घेऊन पुस्तकातलं सांगायला लावतात, आपण वाचायचं नाही, पोराने चित्र बघून सांगायचं. निकेतची पाळी आली. हत्ती उठला, हत्ती चालला, हत्तीने केळी खाल्ली. स्पष्ट सांगत होता, मला बरं वाटलं. नदीचं पान आलं, मिटलं पुस्तक.

बाईंनी विचारलं, हत्ती पाण्यात गेला तर काय होईल?

"पाय मोडता," निकेत म्हणाला.

सगळ्या बायका खो खो हसल्या. मीपण हसलो. हत्तीचा पाय पाण्यात कशाला मोडेल? बाई हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर मला थांबवून विचारायला लागल्या, घरी भरवताना तुम्ही त्याच्याशी काय बोलता, तुमच्या अपघाताचं कुणी त्याच्यासमोर बोलतं का. मी म्हटलं, बाई, तुम्ही खाण्याचं शिकवायला आलात, खाण्याचं शिकवा. माझ्या पायाची चौकशी डॉक्टर करतो.

१४ डिसेंबर, बुधवार

प्लास्टर निघालं! पाय वाळक्या काठीसारखा झालाय, पण माझा आहे. डॉक्टर म्हणाले, जपून चाला, पंधरा दिवसांनी कामाला लागा.

घरी येऊन निकेतला दाखवला. म्हटलं बघ, बाबा बरो झालो, आता बाबा बोटीर जातलो. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो उठून आत गेला आणि शेवंतीच्या पाट्यांमागे बसून राहिला. रात्रीच्या जेवणाला आला नाही. शेवंती म्हणाली, झोपलाय, असू दे.

१७ डिसेंबर, शनिवार

मालक स्वतः घरी आले. बदली तांडेलाने दोनदा जाळं खडकात घातलं म्हणे. दोन तारखेला बोट सुटेल, येतोस ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, येतो. पावणेतीन महिन्यांनी मला माणसात आल्यासारखं वाटलं.

मालकांना चहा दिला, ते निघाले तर त्यांची एक चप्पल नाही. सगळीकडे शोधली. शेवटी विहिरीच्या कठड्यामागे सापडली. निकेतच्या पाठीत धपाटा घातला. रडला नाही. बिस्किटसुद्धा खाल्लं नाही आज.

२३ डिसेंबर, शुक्रवार

अंगणवाडीत वजन झालं. मागच्यापेक्षा खाली.

वाढलं नाही हे समजू शकतो. खाली? मी नाचणी केली, मी शेवग्याचा पाला केला, एका ताटात जेवलो, त्या हत्तीच्या मागे जंगलभर फिरलो. ज्या बायका वर्गात गप्पा छाटत बसतात त्यांची पोरं गुटगुटीत, आणि माझं खाली.

शेवंती आज बाजारातून आली ती पाटी न उतरवता ओट्यावर बसली. मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं.

"तुमका ता काट्यार कळता," ती म्हणाली. "माका तेका उचलताना कळता." मग पाटी खाली ठेवून, "एक तारखेक भाऊ येतलो. मी आता अडवचंय नाय."

मी खूप बोललो. तुझ्या आईला माझ्यावर पहिल्यापासून भरवसा नाही, आचऱ्याला काय अमृत शिजतं, माझा मुलगा माझ्या घरात वाढेल. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, तुम्ही दोन तारखेला बोटीवर जाणार, मी पहाटेची बाजारात, मग त्याला इथे कोण बघणार ते सांगा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं.

तिने निकेतचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

२७ डिसेंबर, मंगळवार

आज वर्गाला गेलो नाही. सगळा किनारा मुंबईच्या पाहुण्यांनी भरलाय, गाड्यांनी रस्ता अडलाय आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. दुपारी बाईच घरी आल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही. म्हटलं, तुमचं सगळं केलं, काय उपयोग झाला? तुमची पुस्तकं घेऊन जा.

बाई इतके दिवस माझ्याशी शाळेतल्यासारखं बोलायच्या. आज चुलीजवळ खाली बसल्या आणि आमच्या भाषेत म्हणाल्या, "गणपतभाऊ, माका एकदाच दाखवा. घास भरवताना तुमी काय सांगतास?"

मला राग आला. म्हटलं, बघाच. भात कालवला, निकेतला समोर बसवलं. एक घास खा रे सोन्या. तू खाल्लंस तर बाबाचो पाय बरो होतलो, मगे बाबा बोटीर—

निकेतने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मी हात सोडवायला गेलो तर अंग चोरून मागे सरकला. मी ओरडलो, "अरे पण कित्या खाणंस नाय?"

"खाल्लंय तर तू बोटीर जातलंस," तो म्हणाला.

हातातला घास हातातच राहिला. मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं नाही. तीन महिने रोज दोन वेळा मी माझ्या तोंडाने पोराला सांगतोय की तू जेवलास की मी जाणार. ज्या बोटीने पाय मोडून बाबाला घरी पाठवलं त्याच बोटीवर. आणि ते साडेतीन वर्षांचं पोर उपाशी राहून मला थांबवत होतं, आणि मी त्याच्यापुढे हात पसरून सुरमई दाखवत होतो. कुठला बाप असं करतो? मला रडू आलं. लिहून ठेवतो, इथे कोण बघतंय. बाईंसमोरच आलं. त्या उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, एवढं मात्र त्यांना कळतं.

२९ डिसेंबर, गुरुवार

मालकांना सांगून आलो, येत नाही. पाय दुखतो का, म्हणाले. मी म्हटलं, नाही. मग काय ते त्यांना सांगता आलं नाही. पोर जेवत नाही म्हणून तांडेल बोट सोडतो, हे कुठल्या मालकाला सांगणार? ते चिडले. चिडणारच. परत बोलवतील असं वाटत नाही. मलापण येताना स्वतःचाच राग येत होता. मला दुसरं काही येत नाही आणि बोटीवर मी कुणीतरी होतो.

निकेतला सांगितलं, बाबा जात नाही. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. दुपारी दोन घास खाल्ले. रात्री नाही. विश्वास बसलेला दिसत नाही. मी त्याच्या जागी असतो तर माझापण बसला नसता.

शेवंतीला सांगितलं. ती म्हणाली, मग करणार काय. मी म्हटलं, बघू. पिशवी भरलेली तशीच कोपऱ्यात आहे.

३१ डिसेंबर, शनिवार

सकाळी रापण लागल्याची हाक आली. ओट्यावर बसून राहिलो. परत हाक आली. मग निकेतचा हात धरला आणि निघालो. एवढं लांब मी सहा वर्षांत चाललो नव्हतो, आणि अंतर आहे आमच्या घरापासून दोन माडांच्या बागा.

बाबलीकाका दोराच्या पुढच्या टोकाला कमरेएवढ्या पाण्यात. मला बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी विचारलं, "काका, दोरार जागा आसा?"

"जागा कोण इचारता रे?" ते म्हणाले. "हात लावलो तो आमचो."

पण लावला कुठे तर दोराच्या शेवटाला, पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या मागे. बोटीवर पाच खलाशी माझ्या एका शब्दावर हलायचे. माझ्यामागे फक्त निकेत, दोराचं लोंबतं टोक दोन्ही हातांनी धरून. पाहुणे फोटो काढत होते. पाय वाळूत रुतत होता, कळ मस्तकात जात होती, मी ओढत होतो.

वाटा मिळाला. तारले. आणखी काय मिळणार! काकांनी निकेतचा वेगळा मोजला, त्याच्या हातात दिला. मला म्हणाले, उद्या वेळेवर ये.

शेवंती आज लवकर आली होती. निकेतने तारले तिच्या पदरात टाकले, माझो वाटो शिजव म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शिजव.

१ जानेवारी २००६, रविवार

मेव्हणा मोटारसायकलवर दुपारी आला. आम्ही जेवायलाच बसत होतो. कालच्यासारखेच तारले, आजच्या वाट्यातले, तिरफळं घालून केलेलं तिखलं, आणि निकेतपुरते चार वेगळे काढून मऊ शिजवलेले. निकेत माझ्या ताटात. घास करताना मी एक शब्द बोललो नाही. सवय आहे, तोंडात येत होतं, गिळलं.

त्याचे चार संपले. मग माझ्या बाजूचा एक घेतला. मग आणखी एक. मेव्हणा घास हातात धरून बघत बसला. मी म्हटलं, अरे तुला तिखट लागेल, तर पाणी प्याला आणि परत हात घातला. तिखटाने नाक वाहतंय, पुसायला वेळ नाही. शेवटचा तारला मी खरं तर माझ्यासाठी ठेवला होता, तोसुद्धा उचलला.

मेव्हण्याने हात धुतल्यावर विचारलं, मग पोराला न्यायचं की नाही. शेवंती पिशवीतले कपडे काढून दोरीवर घालत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"ह्या म्हयन्यात नको," ती म्हणाली.

म्हणजे पुढच्या महिन्यात परत वजन, परत काटा, परत माझा जीव टांगणीला. सकाळी रापणीवर पाय सुजला तो अजून उतरला नाही. आणि बाई म्हणतात एकाच ताटात जेवा. जेवलो. मला नुसता रस आणि भात मिळाला, भूक अजून आहे.